गोणीतला दगड

मठच्या कारखान्यात गोणी फोडली की आधी वास येतो,
आपल्या बियेचा नव्हे,
दुसऱ्याच कुठल्या मातीचा, बोटीच्या तळाचा,
आणि थोडा रॉकेलचा.
गोणीवर देशाचं नाव छापलेलं, मधली दोन अक्षरं पुसलेली,
म्हणून आम्ही त्या देशाला नुसतं ‘थंय’ म्हणतो.
थंयचो माल बारीक. थंयचो माल यंदा ओलो.

खळ्यात पसरताना सुलभा आरोलकरणीला
पहिला दगड मिळाला.
तांबडा, बियेएवढा, बियेसारखाच बाकदार.
मग चंद्रकला धुरीला दोन.
दुपारपर्यंत घमेलंभर.
मॅनेजर संतापला, आमची हसून मुरकुंडी.
"अगो, थंय पण आमच्यासारखेच आसत!"
कारण दर पडला त्या वर्षी
आपण रात्री बियेवर पाणी मारलं नव्हतं,
असं म्हणायला एकही बाई पुढे आली नाही.
एक दगड मी ओटीत घालून घरी आणला,
खिडकीत ठेवला.

आता माझी अडचण ऐका.
सड्यावर आमची सत्तावीस कलमं.
नवरा म्हणतो, बाहेरच्या बियेवर सरकारने कर लावावा
दुप्पट, तिप्पट,
तरच आमच्या बियेला भाव.
वेंगुर्ल्याला मोर्चा निघाला त्यात तो पुढे होता.
टोपी मीच धुऊन दिली.
आणि मी पायाच्या मशीनवर बसते.
बाहेरची बी आली तर आठवडा,
नाही आली तर घरी.
दिल्लीत कोणी एक आकडा खोडून दुसरा लिहितो
आणि त्या रात्री आमच्याकडे
दोघांपैकी एक गप्प जेवतं.
आमटी तीच असते.

गर चाळणीतून उतरतो
एकशेऐंशी, दोनशेचाळीस, तीनशेवीस.
एका पौंडात किती बसतात त्याचा म्हणे हा हिशेब.
पौंड आमच्यातल्या कोणी पाहिलेला नाही.

तुळशीच्या लग्नानंतर थंयच्या सरकाराने ठरवलं,
बी बाहेर द्यायची नाही.
आपल्याच बायका फोडतील, आपल्याच कारखान्यात.
मॅनेजरने मोबाइलवरून वाचून दाखवलं.
चंद्रकला म्हणाली, "बरा केल्यानी."
जरा वेळाने तीच म्हणाली, "पण माझो शनवार?"

शेड बंद.
एकोणीस दिवस मी हातांना खोबरेल चोळत होते.
तेलाचे काळे डाग नखांच्या मुळापर्यंत उजळले,
हात पाहुण्या बाईचे असावेत तसे दिसायला लागले.
मला ते आवडले नाहीत.
थंय आता कोणी नवी बाई शिकत असेल.
पहिल्या आठवड्यात बोटं भाजतातच.
आधी राख चोळ गो, असं सांगणारी
शेजारच्या पाटावर कोणी असेल ना तिला?

शिमगा झाला आणि कारखान्याने
गावचीच बी घ्यायला सुरुवात केली.
किलोमागे बारा रुपये चढले.
नवरा त्या दिवशी शीळ घालत होता.
गोणी त्याने भरली, दाभण मी ओढलं,
आणि तो रिक्षाटेम्पोला हाक मारायला वळला तेव्हा
खिडकीतला तांबडा दगड उचलून
मी आत टाकला.
का, ते विचारू नका.
हात आपोआप गेला.

नऊ दिवसांनी खळ्यात पसरताना
माझ्याच बोटांना लागला.
लगेच ओळखला.
एक कोपरा शेंदरी, जणू कुणी चुना पुसलाय.
सुलभा म्हणाली, "काय गो, काय गावला?"
"काय नाय."
कमरेला खोवला.

काट्यावर कारकून तूट लिहीत होता,
आमच्या गावाला शिव्या देत.